मागच्या वखारीचा हिशेब

अक्षय्य तृतीयेनंतर चारच दिवसांनी निलंग्याहून पुतण्याचा दूरध्वनी आला. "काका, मागची वखार पाडायचे ठरवले आहे. दसऱ्याला सोयाबीन यायला लागेल, त्याच्या आत पत्र्याचे गोदाम उभे राहायला हवे. सोमवारी जेसीबी येतोय. बाबा म्हणाले, काकांच्या कानावर घाल." वखार सामाईक, म्हणून माझी संमती हवी होती, सल्ला कोणी मागितलेला नव्हता, हे मला कळत होते. तरी मी म्हटले, "सोमवारचे पुढे ढकल. मी रविवारी येतो. आधी पाहू, मग ठरवू."

या सदरात मी सहसा ठेवी, कर्जे, वारसनोंद, मृत्युपत्र अशा विषयांवर लिहितो. आज एका जुन्या वखारीविषयी लिहीत आहे, पण विषय हिशेबाचाच आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची गावाकडे अशी एखादी वखार, गोठा किंवा कोठार अजून उभे आहे, आणि त्याचे काय करायचे हा निर्णय आज ना उद्या त्या प्रत्येक घराला घ्यावा लागणार आहे.

आमचा वाडा निलंग्याच्या जुन्या वस्तीत आहे. पणजोबांनी तो निजामाच्या राजवटीत बांधला. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याची दगडी चौकट, दिंडी दरवाजा आणि ढेळज एवढेच दिसते. ढेळजेत पूर्वी गादी-तक्के असत, रोजमेळ-खतावणीच्या वह्या असत, आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या पुढे होई. त्यामागे चौक, चौकाभोवती सोपे, आत देवघर आणि स्वयंपाकघर. पाहुणा येथपर्यंत येतो, आणि वाड्यांची वर्णने करणारे लेखकही बहुधा येथेच थांबतात. घराचे पोट ज्यावर चाले ते सारे मात्र याच्या मागे होते. परसात आड, बैलांचा गोठा, गाड्या सोडायची मोकळी जागा, कडब्याची गंज आणि उत्तरेच्या अंगाला सात खणांची वखार.

नव्या पिढीतील वाचकांसाठी सांगतो, दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. आमच्या भागात घर चौरस फुटांत सांगत नसत. पाच खणांचे घर, बारा खणांचा वाडा, असे सांगत. दगडी उथळ्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर लाकडाच्या चिपा, चिपांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे झाले माळवद. वैशाखातल्या उन्हातही त्याखाली गारवा असे, आणि रात्री त्यावर अंथरुणे टाकता येत. भिंती दगड-मातीच्या, दोन-तीन हात रुंद. उन्हाला आणि चोराला दोघांनाही त्या आत येऊ देत नसत.

वखारीच्या मागच्या भिंतीला लागून बळद होते. माळवदावरील साण्यातून धान्य आत ओतायचे आणि तळाशी ठेवलेल्या झाकणाच्या भोकातून हवे तेवढे काढायचे. आधी पडलेले धान्य तळाशी असल्याने तेच आधी बाहेर येई. आलेला माल क्रमाने निघावा, हा गोदामाच्या व्यवहारातील पहिला नियम एम. कॉम.च्या वर्गात मी पुस्तकातून शिकलो. आमच्या आजीला तो बळदामुळे ठाऊक होता. धान्याला कीड लागू नये म्हणून राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळत. विषारी औषध घरात येत नसे, कारण जीव मारायचे नाहीत, ते येऊच द्यायचे नाहीत, अशी घराची रीत होती.

परसात ज्वारीचे पेव होते. कोरड्या मुरमाड जागेत खणलेली खोल पोकळी, तोंड अरुंद, आतून कडब्याचे अस्तर, वर फरशी आणि मातीचा लेप. हवा न लागल्यामुळे ज्वारी दीर्घकाळ टिके. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड काही वेळ मोकळे ठेवीत, मग दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणूस आत सोडायचा नाही. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण आज कशाच्याही सुळसुळाटासाठी वापरतो; तो ज्या पेवावरून आला ते पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी पोचली आणि लातूरचा मोंढा वाढला. निलंग्यासारख्या गावांतील माल बैलगाड्यांनी तिकडे जाऊ लागला. मधल्या काळात माल थांबायला जागा लागे, बैलांना चारा-पाणी लागे, गाडीवानाला रात्रीचा आसरा लागे. त्यामुळे आडत्याच्या घराची खरी पत त्याच्या मागच्या अंगणावरून कळे. किती खणांची वखार, किती बैलांचा गोठा, यावर शेतकरी ठरवीत असे की माल येथे उतरवायचा की पुढे जायचे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीचे सांगतो. बँकेत मी तारणाच्या मालमत्तेची पाहणी करून अहवाल लिहीत असे. राहत्या घराची किंमत लिहायची, जागेची लिहायची. आणि वखार, गोठा, बळद यांच्यासाठी शेवटी एक ओळ असे, 'इतर बांधकाम'. त्या ओळीपुढे मी वर्षानुवर्षे शून्य लिहिले. नियमाच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते, कारण अशा बांधकामाला बाजारात गिऱ्हाईक नसते. पण भूकंपानंतरच्या वर्षी एक वयस्क व्यापारी माझ्याकडे आले. वखारीचे माळवद उतरवून वर पत्रे घालायचे आहेत, खांबांना आधार द्यायचे आहेत, लहानसे कर्ज हवे, असे म्हणाले. मी जागेवर गेलो, अंगणात उभा राहून वर पाहिले, आणि अहवालात 'दुरुस्तीस योग्य नाही' असे लिहून टाकले. शिडी मागवली नाही, एकाही खांबाला हात लावला नाही. त्यांनी वखार पाडली. तिचे खांब आणि तुळया एका लाकूड व्यापाऱ्याने उचलून नेल्या. ते लाकूड निकोप होते, हे ट्रक भरताना मी स्वतः पाहिले.

त्या वर्षी तसे का लिहिले, याचे कारण वाचकांना सांगावे लागू नये. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती, गावोगावी गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात धरणी हादरली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या पट्ट्यातील ५२ गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, ही आपल्या समाजाला ठाऊक असलेली गोष्ट आहे. जी मोठी माणसे गावात राहिली त्यांच्या मनात मात्र एक वाक्य कायमचे बसले: जुने घर माणूस मारते.

आमच्या वहिनींच्या मनातही ते बसलेले आहे. त्या पहाटे आमच्या गोठ्याची भिंत आत कोसळली आणि एक बैल दगावला. सोप्याची एक बाजू खचली. वहिनी दोन वर्षांच्या मुलाला, म्हणजे आज वखार पाडायला निघालेल्या या पुतण्याला, छातीशी धरून अंगणात आल्या आणि पुढचे कित्येक महिने कुटुंब ताडपत्रीखाली राहिले. रविवारी मी पोचलो तेव्हा चहाचा कप पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या रात्री लातूरला होतात. मी इथे होते. तुम्हांला वखारीचे कौतुक आहे, मला तिच्याखालून जाताना आजही मान वर करून पाहावे लागते." यावर मला उत्तर नव्हते. त्यांचे म्हणणे भावनेचे आहे असे म्हणून बाजूला सारण्याचा मला अधिकारही नव्हता.

तरीही भय आणि कारण यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. भूकंपात पडलेल्या घरांची तपासणी झाली तेव्हा अभियंत्यांना दोन दोष पुन्हा पुन्हा आढळले. पहिला भिंतीतला. रुंद भिंत एकसंध दिसते, पण ती बहुधा दोन वेगळ्या दगडी पापुद्र्यांची असते. मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. दोन्ही बाजूंना पोचणारा लांब आरपार दगड मध्ये मध्ये घातलेला नसेल, तर हादऱ्याने दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. दुसरा दोष माळवदाच्या वजनाचा.

हे वजन कसे वाढते, ते आपल्यासारख्या व्यापारी वाचकांनी सरळव्याजाच्या रीतीने पाहावे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देत. जुना काढायचा, मग नवा घालायचा, असे क्वचितच होई. वर्षाला अर्धा इंच धरला, तरी चोवीस वर्षांत एक फूट माती चढते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे सुमारे पंचेचाळीस क्विंटल वजन. घराखाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर पंचेचाळीस पोती रचून ठेवल्यासारखे ते आहे. पणजोबांनी बेतशीर माळवद घातले होते. त्यावरील बोजा नंतरच्या पिढ्यांनी प्रेमाने, दुरुस्ती म्हणून, दर वर्षी वाढवला.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. माळवदाचा भार जेथे भिंतीवर न देता खांब आणि तुळयांवर दिलेला होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. आमची वखारही त्याच कारणाने उभी राहिली. दोष लाकडाचा नव्हता, जुनेपणाचाही नव्हता. पूर्वीच्या कारागिरांनी ऊन, पाऊस आणि चोर यांचा विचार केला होता. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात आहे, असे तर १९९३ पर्यंत सरकारी नकाशाही सांगत होता. लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात आला तो २००२ मध्ये. अशा कारागिराला दोष देणे योग्य नाही.

इतर प्रदेशांचा अनुभवही हेच सांगतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये नव्या-जुन्या असंख्य इमारती पडल्या, पण तेथील गोल, हलक्या छपराच्या भुंगा झोपड्या मोठ्या संख्येने टिकल्या. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत दगड-माती भरून भिंत करण्याची धज्जी-देवारी नावाची जुनी पद्धत आहे; २००५ च्या भूकंपात तशा घरांनी चांगला तग धरला. म्हणजे तपासायचे ते वय नव्हे. वजन किती, ते कोणी पेलले आहे, आणि भाग एकमेकांना बांधलेले आहेत का, हे तपासायचे.

किल्लारी परिसरातील पुनर्वसित गावांतून मी नोकरीच्या काळात अनेकदा फिरलो. सरळ रुंद रस्ते, सुटी सुटी पक्की घरे. घरात माणसांसाठी खोल्या होत्या. पण बैल कोठे बांधायचे, कडबा कोठे रचायचा, वर्षाची ज्वारी कोठे ठेवायची, यांची सोय पुरेशी नव्हती. लोकांनी राहायला आल्यावर सर्वप्रथम काय केले असेल, तर घराला लागून पत्र्याची शेड काढली, गोठा उभा केला. माझ्या अहवालातील 'इतर बांधकाम' या ओळीचे मोल मला तेथे प्रथम कळले. ज्याला आपण घराचा उरलेला भाग समजतो, त्याच्यावाचून खेड्यातील घर चालत नाही.

आणि तरी वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तो भाग येत नाही. निलंग्यात वारसा म्हणजे नीलकंठेश्वराचे हेमाडपंती मंदिर. तालुक्याबाहेर पाहिले तर औशाचा आणि उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी. ही स्थाने जपलीच पाहिजेत, आणि त्यांच्यासाठी कायदे व खाती आहेत. वखारीसाठी कोणी नाही. इंग्लंडमध्ये ग्रेट कॉक्सवेल नावाच्या गावी सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे धान्याचे एक कोठार आहे. दगडी भिंती, आत उंच लाकडी खांब, बाकी काही नाही. नॅशनल ट्रस्ट ही संस्था ते सांभाळते आणि लोक मुद्दाम पाहायला जातात. आमची वखार त्या तोलाची नाही. पण धान्य साठवणाऱ्यांचाही इतिहास असतो, एवढे त्या कोठारावरून कळते. आपण तर पिढ्यानपिढ्या धान्य साठवणारेच लोक.

रविवारी मी लातूरच्या एका स्थापत्य अभियंत्यांना बरोबर नेले होते. गावातील एका वृद्ध सुतारालाही बोलावले. पुतण्या आरंभी दारातच उभा होता. अभियंत्यांनी शिडी लावली, माळवदावर जाऊन लोखंडी गज मातीत खुपसला आणि खूण करून तो मोजला. एकोणीस इंच. वखार बेचाळीस फूट लांब, चौदा फूट रुंद. पुतण्याने मोबाईलवर गुणाकार केला, मग पुन्हा केला. चारशे वीस क्विंटलच्या आसपास आकडा आला. "काका, हा तर चार ट्रक माल झाला!" तो म्हणाला, आणि प्रथमच आत येऊन त्याने खांबांकडे पाहिले. चार ट्रक माती डोक्यावर घेऊन सोळा खांब एवढी वर्षे उभे होते.

सुताराने प्रत्येक खांबाच्या बुडाशी टोचणीने टोचून पाहिले. चौदा खांब निकोप निघाले. पन्हाळीखाली असलेले दोन बुडाशी कुजलेले होते. तुळयांना वाळवी नव्हती. मग ओळंबा सोडला. उत्तरेची भिंत चार इंच बाहेर झुकलेली होती आणि मधोमध फुगलेली होती. अभियंते म्हणाले, ही भिंत वाचणार नाही, तिच्यासाठी खर्चही करू नका. त्या भिंतीलाच बळद होते. मी थोडा वेळ बोललो नाही. आजीचा हात त्या झाकणावर असायचा, हे आठवले. पण झुकलेली भिंत आठवणीने सरळ होत नाही.

पेवाचाही प्रश्न होता. वर फरशी होती, आत पोकळी तशीच होती. नव्या गोदामाकडे ट्रक त्यावरूनच जाणार होता. सोमवारी जेसीबी आला असता, तर पहिले चाक कदाचित पेवातच गेले असते. पुतण्याला ते तेथे आहे हे माहीतच नव्हते. जुन्या अंगणाची माहिती न घेता काम सुरू करणे किती महागात पडू शकते, याचे एवढे एक उदाहरण पुरे.

दुपारी जेवणानंतर आम्ही ढेळजेत बसलो. दादा, वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि मी. मी तीन रकाने केले: ठेवायचे, पाडायचे, बदलायचे. लाकडी सांगाडा ठेवायचा. उत्तरेची भिंत आणि बळद पाडायचे, पेव मुरुमाने भरून ठोकून घ्यायचे. माळवदाची माती पूर्ण उतरवून वर हलके पत्रे घालायचे. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी तिरपे लोखंडी आधार बसवायचे. कुजलेल्या दोन खांबांची बुडे कापून खाली उंच दगडी उथळे द्यायचे. नवी भिंत विटांची, तिच्यात दोन पातळ्यांवर सळईचे काँक्रीटचे पट्टे. यातील बहुतेक उपाय नवे नाहीत. जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंपानंतर राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात वजन कमी करणे, आरपार दगड किंवा पट्टे घालणे, तिरपे आधार देणे हेच सांगितले जात होते. मी त्या वर्षी ती पत्रके वाचलीही होती. अहवाल लिहिताना मात्र वापरली नाहीत.

पुतण्याची अडचण खरी होती. वखारीची उंची कमी, त्यामुळे सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावता येत नाही आणि ट्रक आत येत नाही. शेवटी मार्ग निघाला तो दादांच्या बोलण्यातून. गोठ्याची जागा भूकंपापासून रिकामीच पडलेली होती. नवे गोदाम तेथे घ्यावे, आणि वखार बियाणे, बारदाना, काटा आणि जुन्या वह्या यांच्यासाठी ठेवावी. पुतण्याने हिशेब केला. दोन्ही मिळून खर्च त्याच्या मूळ अंदाजापेक्षा थोडा वाढत होता, कमी होत नव्हता. हे मी वाचकांपासून लपवीत नाही. जुने राखणे नेहमी स्वस्तच पडते असे नाही. पण लाकूड विकून जे पैसे येणार होते ते ऐकल्यावर पुतण्याच म्हणाला, "एवढ्या लाकडाचे एवढेच? मग राहू दे."

वहिनी अजून काही बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे पाहून म्हटले, "वहिनी, तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही नाही म्हणालात तर मी आजच सही करून जातो." त्यांनी अभियंत्यांना एकच प्रश्न विचारला, "वरची माती सगळी जाणार ना?" ते म्हणाले, सगळी. मग वहिनी म्हणाल्या, "तर असू द्या. पण तिथे कोणी झोपायचे नाही. हमालही नाही." ही अट आम्ही कागदावर लिहिली. माल ठेवायच्या जागी माणसाने झोपू नये, हे तसेही शहाणपणाचेच आहे.

माती यंत्राने न काढता माणसांकडून थराथराने उतरवली. एकाच बाजूची आधी काढली तर सांगाडा कलतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी काढत आणली. शेजारच्या शेतकऱ्यांनी ती पांढरी माती शेतात टाकायला नेली. बळद पाडण्यापूर्वी सूनबाईने त्याचे माप घेतले, छायाचित्रे काढली आणि वहिनींना विचारून प्रत्येक भागाचे नाव लिहिले. त्या वहीत बावीस शब्द जमले. त्यांतील काही मीही विसरलो होतो.

आता वाचकांसाठी चार सूचना करतो. आपल्या गावाकडील वखार, गोठा किंवा कोठार पाडण्याचा विचार असेल, तर आधी चार गोष्टी कराव्यात. पहिली, माळवद असेल तर मातीची जाडी गज खुपसून मोजावी. पन्हाळीच्या तोंडाशी दिसणारा थर फसवा असतो. दुसरी, भार खांबांवर आहे की भिंतीवर, हे पाहावे. भिंतींना ओळंबा लावावा आणि प्रत्येक खांबाचे बूड तपासावे. हे काम स्थापत्य अभियंता आणि जुना सुतार यांनी मिळून करावे. एकाला गणित येते, दुसऱ्याला लाकूड कळते. तिसरी, अंगणात पेव, तळघर किंवा बुजवलेला आड आहे का, हे घरातील सर्वांत वयस्क माणसाला विचारावे. चौथी, पाडायचेच ठरले तरी आधी मापे, छायाचित्रे आणि नावे यांची नोंद करावी आणि कोनाडे, पोटमाळे रिकामे करताना जुन्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. आणि तपासणीत इमारत खरोखर धोकादायक ठरली, तर मात्र मोह न धरता पाडावी. तिच्याखाली कोणी सापडले, तर वारसा जपल्याचे समाधान कोणालाही मिळणार नाही.

बँकेतील अनुभवावरून आणखी एक सांगतो. मागच्या बांधकामांचा खरा शत्रू पाऊस किंवा भूकंप नसतो, तर अपुरी वाटणी असते. भावाभावांत पुढचा वाडा वाटला जातो, दुकान वाटले जाते, शेत वाटले जाते. वखार आणि गोठा मात्र 'सामाईक' राहतो. सामाईक म्हणजे सर्वांचा हक्क आणि कोणाचीच जबाबदारी नाही. एक कौल सरकला तर दुरुस्ती कोणी करायची, हे ठरत नाही. दहा पावसाळ्यांत छप्पर खाली येते, आणि मग पाडण्यावाचून उपाय नाही असे सर्वजण एकमताने म्हणतात. म्हणून वाटणीपत्रात मागच्या बांधकामाचा स्वतंत्र उल्लेख करावा. ते कोणाकडे राहील, दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटला जाईल आणि निर्णय कोण घेईल, हे लिहावे. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीत ते बांधकाम दाखवलेले आहे का, तेही पाहून घ्यावे. आम्ही तिघा भावांनी यंदा हे केले. मुद्रांकासह नोंदणी झाली.

आषाढात पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी मुद्दाम निलंग्याला गेलो. पत्र्यावर पावसाचा आवाज फार होत होता. माळवदाखाली तो कधीच येत नसे, आणि तेवढी शांतता गेली ती गेलीच. गळती कोठे नव्हती. वखारीच्या तिसऱ्या खणात, काट्याशेजारी, लाकडी फळीवर ओळीने पत्र्याचे डबे मांडलेले होते. मी पुतण्याला विचारले, हे कोणाचे? तो म्हणाला, "आईचे. वर्षाची तूरडाळ आहे. परवा स्वतः आणून ठेवली."